बी साइडवरची हव्वा

ते गाणं सतीशचं नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे माझा जीव शांत होईल आणि पुढचं धड बोलता येईल. शारजा, दुबई, अजमान, कुठंही जुन्या माणसांना विचारा की हव्वावालं गाणं कुणाचं. सगळे 'सतीश अँड हिज बॉइज' असंच सांगतील. कॅसेटच्या कव्हरवर फोटोही त्याचाच होता, पांढरा कोट घालून कीबोर्डवर ओणवा झालेला. पण त्यात जी बाई गाते, जिच्या आवाजानं लेबर कॅम्पातले बाप्ये जेवता जेवता रडायचे, ती माझी शेजारीण, ताजबी. तिचं नाव त्या कव्हरवर नखाएवढंसुद्धा नाही. आणि गाण्यात जिचं नाव आहे तिचं पुढं काय झालं, हे तर कुणी विचारलंच नाही.

मी विनिता. आमचे हे दुबईत एका कन्स्ट्रक्शन कंपनीत टाइमकीपर होते. दुबईची भाडी परवडायची नाहीत म्हणून आम्ही शारजात, रोला भागातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो. हे पहाटे जायचे आणि संध्याकाळी त्या मेल्या ट्रॅफिकमध्ये शिजून घरी यायचे. दिवसभर मला सोबत कोण, तर समोरच्या दारातली ताजबी. दाभोळच्या खाडीकडची. तिचा नवरा खैरुद्दीन दुबईतल्या एका हॉटेलची पिकअप चालवायचा. बाई बुटकी, चपळ आणि तोंडानं फाटकी. मच्छीवाल्याशी भांडायला लागली की तो बिचारा मासे तिथंच टाकून पळायच्या बेतात असायचा. माझी संजना शाळेतून आली की आपल्या घरी यायच्या आधी तिच्या दारात उभी. "आंटी, व्हॉट्स देअर टु ईट?" ताजबीला इंग्लिश ओ की ठो कळत नव्हतं, पण हे एक वाक्य बरोबर कळायचं.

ताजबीचं आणि माझं किचन एकाच शाफ्टमध्ये उघडायचं. सकाळी ती तिकडे गायला लागली की मी इकडे कुकरचा गॅस बारीक करायची. कसला आवाज होता हो! गोड वगैरे नव्हता. जाडसर, थोडा घोगरा, आणि वर जाताना असा फाटायचा की माझी तव्यावरची पोळी करपायची. त्यांच्या गावात लग्नांना बायका ढोलकीवर गातात. ताजबीला पंचक्रोशीतून बोलावणी यायची, ती मुख्यतः एका गाण्यासाठी. मुलगी सासरी निघताना म्हणायचं गाणं. तिच्या आजीनं बांधलेलं, तिच्याच घरात चालत आलेलं.

*भरती आली खाडीला, होडी सोडा गो सोडा,*
*हव्वा निघाली सासरी, हात आता तरी सोडा.*

आता मी म्हणताना हव्वा म्हणाले, कारण सगळ्यांना तसंच माहीत आहे. खरं म्हणजे तिथं ज्या मुलीचं लग्न तिचं नाव. आणि त्याला एक नियम होता, तो ताजबीनं मला भाजी निवडता निवडता सांगितला होता. निकाह लागल्याशिवाय त्या गाण्यात पोरीचं नाव घ्यायचं नाही. सराव करायचा असेल तर 'गुलाब निघाली सासरी' म्हणायचं, कारण गुलाब नावाची पोरगी त्यांच्या गावात कुणी नव्हती. खरं नाव आधी घेतलं तर पोरगी दाराशीच अडते म्हणे. मी म्हटलं, "काहीतरीच तुमचं!" ती म्हणाली, "काहीतरीच असू दे. आपलं काय जातं गुलाब म्हणायला?"

हव्वाबी ही तिची धाकटी बहीण. बहीण कसली, लेकच. आई बाळंतपणात गेली तेव्हा ताजबीच अजून परकर सावरत होती, तिनं ते तान्हं बाळ कडेवर घेतलं आणि वाढवलं. स्वतः लग्न होऊन इकडे आली तेव्हा हव्वाला खालेकडे, म्हणजे मावशीकडे ठेवताना जी रडली, ते रडणं म्हणे अजून थांबलं नाही. चौऱ्याण्णव साली हव्वाचं लग्न ठरलं. मुलगा त्यांच्याच भागातला, ओवेस. उम्म अल कुवैनमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या कारखान्यात मशीनवर. सरळ, कमावता, आणि हव्वाला एकदा बघून हरखलेला. स्थळ ताजबीनंच शोधलं होतं. लग्न पुढच्या रमजान ईदनंतर. तेव्हापासून तिच्या बेडरूममध्ये चालायला जागा राहिली नाही. ब्लँकेटं, इस्त्री, मिक्सर, अत्तराच्या बाटल्या, सगळं खोक्यांत भरून, वर दोरी बांधून. "माझ्या हव्वाला काही कमी पडायला नको," हे दिवसातून दहा वेळा.

आता सतीशकडे येते. सतीश ठाण्याचा, त्या हॉटेलच्या बारमध्ये बँड चालवायचा. खैरुद्दीन त्याची ढोलं आणि स्पीकर पिकअपमधून ने-आण करायचा, म्हणून ओळख. ह्या सतीशच्या डोक्यात एकच भूत, सोल म्युझिक. काळ्या अमेरिकन गवयांची जुनी गाणी. एकदा आमच्याकडे जेवायला आला होता तेव्हा मी विचारलं, "सोल म्हणजे नक्की काय हो?" तर म्हणाला, "वहिनी, गळ्यातून नाही, पोटातून गायचं." मी म्हटलं, आमच्या घरी पोटातून फक्त ओरडतात. पण माणूस वेडा होता त्यासाठी. नोकरीत त्याला रोज तीच तीच फर्माइशी गाणी वाजवावी लागायची, आणि हॉटेलवाले आता फिलिपिनो बँड आणायच्या गोष्टी करत होते. आपलं स्वतःचं एक गाणं, एक 'सिंगल', हिट झालं तर आपण तरलो, असं त्याला वाटत होतं.

ए साइडला हिंदी-इंग्लिश मिसळीचं काहीतरी नाचरं गाणं तयार होतं. बी साइड रिकामी. खैरुद्दीननं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मेरी बीवी गाती है, एक बार सुनो." सतीश आला, त्याच्या हातात चहा दिला आणि ताजबीनं आतल्या खोलीत राहून पडद्याआडून गायलं. गुलाब म्हणूनच. पडदा बाजूला झाला तर सतीशचा चहा तसाच. म्हणाला, हे गाणं मला द्या, मुंबईहून एक गाणारी येतेय, तिला ही चाल शिकवायची आहे. तुम्ही फक्त एकदा टेपवर म्हणून दाखवा. त्याला डमी म्हणतात. गाणारी ते ऐकून शिकते, मग तुमचं पुसून तिचं भरायचं.

ताजबी तयार नव्हती. परक्या पुरुषांसमोर गायचं म्हणजे काय! पण खैरुद्दीन मागं लागला. "अगं, पुसणारच आहेत. खलास. कुणाला कळणार?" आणि खोटं कशाला बोलू, तिलाही आतून हौस होती. आपली चाल मोठ्या मशिनीतून कशी वाजते ते ऐकायची. सोबतीला मला घेऊन गेली.

स्टुडिओ कसला, अजमानच्या गोदामामागची एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. ऑगस्ट महिना, आणि एसीचा आवाज टेपवर येतो म्हणून एसी बंद. सगळ्यांच्या अंगाच्या धारा. मधेच अजान झाली की काम थांबायचं. ऑर्गन सतीशकडे, एक मल्याळी मुलगा बेस गिटारवर, आणि हॉटेलातल्या तीन फिलिपिनो मुली मागं 'ऊऽऽ' करायला आणि टाळ्या द्यायला. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. खाडीवरच्या त्या गाण्याला सतीशनं असा संथ ठेका दिला होता, जसं कुणी पाय ओढत चाललंय.

ताजबीनं गायलं. गुलाब निघाली सासरी. नीट गायली, पण नीटच. सतीशनं हात वर केला. परत. पुन्हा हात वर. तिसऱ्यांदा तो तिच्यासमोर येऊन जमिनीवरच बसला आणि म्हणाला, "ताई, ही गुलाब कोण तुमची? कोणीच नाही ना? मग ती गेली काय, राहिली काय! घरातली पोरगी जातेय असं गा. तिचं नाव घ्या. नाहीतरी पुसायचंच आहे."

मी तिथंच बसले होते. ताजबी माझ्याकडे बघून म्हणाली, "पुसणार म्हणतोय." तिनं डोक्यावरची ओढणी पुढं ओढली, डोळे मिटले आणि हव्वाचं नाव घेतलं. देवा रे. त्या नावावर तिचा आवाज जो फाटला, तो पुढच्या ओळीपर्यंत सांधलाच नाही. ती गात नव्हती, ती त्या पोरीला कुशीतून सोडवून होडीत बसवत होती. फिलिपिनो मुलींनी टाळ्या द्यायच्या थांबवल्या, मग एकीनं डोळे पुसत पुन्हा सुरू केल्या. ते सगळं कॅसेटवर आहे. टाळ्या थांबल्याची ती जागा आजही ऐकू येते, आणि लोक म्हणतात काय अरेंजमेंट आहे!

मुंबईची गाणारी आलीच नाही. तिचा व्हिसा अडकला. सतीशला कॅसेट काढायची घाई. आणि खरं सांगायचं तर व्हिसा हे निमित्त. ती आली असती तरी त्या पठ्ठ्यानं ताजबीचा आवाज पुसला नसता. आयुष्यभर जे शोधलं तेच ज्याच्या हाताला लागलं, तो ते पुसेल कशाला? पण विचारायचं तरी! खैरुद्दीनच्या पिकअपमधून रोज ये-जा करणारा माणूस, दार वाजवायला काय हात झिजले असते? नाही विचारलं. खैरुद्दीनला सांगितलं, आणि खैरुद्दीननं बायकोला नाही सांगितलं. वाटलं असेल, बी साइड कोण ऐकतंय.

सगळ्या दुनियेनं बी साइडच ऐकली. कॅसेट पाच दिरहमला, म्हणजे तेव्हाचे चाळीसेक रुपये, पण ती खरी विकली गेली असेल थोडी. बाकी सगळी चोरीची. एकानं घ्यायची आणि रूमभर कॉपी करायची. मुहैस्नाच्या कॅम्पात, ज्याला सगळे सोनापूर म्हणतात, ह्यांच्या साइटवरची माणसं राहायची. हे एकदा तिथं गेले तर मेसमध्ये तेच गाणं लावलेलं, आणि रांगेत ताट घेऊन उभे असलेले आपले कोकणातले, घाटावरचे, अगदी बांगलादेशीसुद्धा गप्प. गाणं मुलीच्या पाठवणीचं. पण घर सोडून, हात सोडवून समुद्रापार आलेले होते हे बाप्ये. त्यांना ते आपलंच वाटलं.

ताजबीला कळलं ते बकाल्यात, खालच्या वाण्याकडे. पाव घ्यायला गेली होती. दुकानातल्या टेपवर आपला आवाज, आणि त्यात हव्वाचं नाव. पाव न घेताच वर आली. माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "विनिताताई, पुसलं नाही त्यांनी." चेहरा असा की मी तिला धरून आत बसवलं.

मी आपली समजूत घालत होते. अगं, हव्वा नावाच्या हजार मुली असतील! कुणाला काय कळतंय! पण ओवेसच्या रूमला कळत होतं. लग्न ठरल्याच्या आनंदात त्यानं रूमवर मिठाई वाटली होती आणि मुलीचं नाव सांगितलं होतं. डबल डेकर पलंगांची खोली, सगळे त्याच भागातले. गाणं ऐकलं आणि त्यांना आयतंच सापडलं. ओवेस ड्यूटीवरून आला की एक जण सुरू करायचा, हव्वा निघाली सासरी, आणि बाकीचे टाळ्या. आधी थट्टाच होती. मग कुणीतरी आवाज ओळखून म्हणालं, तिच्या बहिणीनंच म्हटलंय, बारमधल्या बँडबरोबर. थट्टेचं विष व्हायला कितीसा वेळ लागतो? सुट्टीवर जाणाऱ्यांनी कॅसेट गावी नेली. जेट्टीवरची टवाळ पोरं हव्वा दिसली की तिच्या तोंडावर तेच गाणं म्हणायला लागली. जिचं नाव गल्लीतल्या पुरुषांनी कधी उच्चारलं नव्हतं, ते आता कुणाच्याही तोंडात. ओवेसच्या आईनं खालेकडे निरोप धाडला की आम्हाला गाण्यातली सून नको.

ताजबी आधी सतीशकडे गेली. मीही गेले, आणि मी काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. तो ऐकून पांढराफटक पडला. त्याला ह्या नियमाची, ह्या नावाची कल्पनाच नव्हती, हे मी मान्य करते. म्हणाला, कॅसेट परत घेतो. कुठून घेणार? टॅक्सी टॅक्सीत कॉपी. मग त्यानं दुसऱ्या बाईकडून तेच गाणं पुन्हा गाऊन घेतलं, गुलाबच्या नावानं, आणि स्वतःच्या खिशातून बाजारात आणलं. ती कॅसेट कुणी फुकटसुद्धा घेईना. ऐकायचे आणि म्हणायचे, "नहीं भाई, वो हव्वावाला दो."

शेवटी ताजबी म्हणाली, मी ओवेसला भेटते. खैरुद्दीन तयार होईना. "मी त्या पोरासमोर हात जोडू?" मी त्याला म्हटलं, "आधी जोडले असते बायकोसमोर, तर ही वेळ आली नसती." तरी तो आला नाहीच. तेव्हा शुक्रवारी आम्ही दोघीच टॅक्सी करून उम्म अल कुवैनला निघालो.

पठाण ड्रायव्हर होता. शहर मागं पडलं तसं त्यानं टेपचं बटण दाबलं. मला आधीच कळायला हवं होतं. ऑर्गन सुरू झाला. मी ओरडले, "भाईसाब, बंद करो इसको!" तो आरशातून बघून म्हणाला, "बहन, समझ में कुछ नहीं आता, मगर इसमें बहुत दर्द है." ज्या बाईचा तो दर्द होता ती त्याच्या मागच्या सीटवर ओढणीचं टोक तोंडात धरून बसली होती. तिनं मला हातानं खुणावलं, राहू दे. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघी बाहेरच्या वाळूकडे बघत राहिलो.

ओवेस बंदरापाशी उभा होता, जुम्म्याची नमाज आटपून आलेला, इस्त्रीचा शर्ट. ओठावर टाके. रूमवर मारामारी झाली होती. आम्ही एका चहावाल्याच्या बाकावर बसलो. ताजबीनं कसलीच प्रस्तावना केली नाही. म्हणाली, "ओवेस, चूक माझी आहे. शिक्षा मला दे. मी लग्नाला येणार नाही, तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, माझं नाव टाका. पोरीचं लग्न मोडू नका." तिची बोली मला जमत नाही, म्हणून माझ्या भाषेत सांगते. तिच्या बोलीत ते ऐकवत नव्हतं.

तो खाली बघत होता. म्हणाला, "आपा, मला ते गाणं आवडतं. माहीत नव्हतं तेव्हा मीच कॅसेट आणली रूमवर. मीच सगळ्यांना ऐकवलं, बघा माझ्या हव्वाचं नाव आहे ह्यात."

"मग लग्न कर ना तिच्याशी!"

"मी करीन हो. पण अम्मी म्हणते, सगळे म्हणतात..." मग हळूच म्हणाला, "लग्नात ते मला बघून गातील, आपा. तिला बघून गातील. मुलं झाली तर मुलांना."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. मारामारी करायला ह्याला जोर आहे, आणि आईला एक वाक्य सांगायला नाही! मी म्हटलंच, "अरे, लोक चार दिवस गातील नि विसरतील." ओवेस माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, हे गाणं विसरणार नाहीत." आणि त्याचं तेवढं खरं ठरलं.

ताजबीनं तिथं, त्या बाकावर, भर रस्त्यात त्याचे पाय धरले. त्याच्यापेक्षा वयानं एवढी मोठी बाई! तो उठून मागं सरकला, रडायला लागला आणि तसाच निघून गेला. चहा तसाच राहिला. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

लग्न मोडलं. ईद आली आणि गेली. ती खोकी बेडरूममध्ये तशीच, त्यांवरून उडी मारून कपाटाकडे जायचं. ताजबी पुढच्या वर्षी गावी जाऊन आली. मी विचारलं, हव्वा काय म्हणाली? "काही नाही. मी म्हटलं, मी तुझं वाटोळं केलं. ती म्हणाली, नशीब, आपा. नि माझ्या केसांना तेल लावून दिलं." हे सांगताना ती जी रडली ना, त्यापेक्षा हव्वानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं. स्थळं आली नंतर. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारायचंच, "गाण्यातली हव्वा ती हीच का?" आणि खलास.

ताजबीनं गाणं टाकलं. लग्नाची बोलावणी आली की सांगायची, गळा बसलाय. शाफ्टमधून आता फक्त भांड्यांचा आवाज यायचा. सतीश एकदा दारात आला, दुसरं गाणं द्या म्हणायला. तिनं दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. त्याचाही पुढं निभाव लागला नाही. हॉटेलात फिलिपिनो बँड आलाच. सतीश विम्याच्या पॉलिसी विकायला लागला. एक गाणं आलं आणि सगळ्यांना घेऊन गेलं.

दोन हजार एक साली खैरुद्दीननं खटपट करून हव्वाबीला इकडे आणलं. शारजात एका नर्सरीत लहान मुलं सांभाळायची नोकरी मिळाली. मी तिला पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. उंच, शांत, ताजबीच्या अगदी उलट. बकाल्यात, टॅक्सीत, सलूनच्या दारात कुठंही ते गाणं लागलं, तरी ती घड्याळात बघितल्यासारखं करून पुढं चालायची. दोघी बहिणी एका घरात राहत होत्या, एका ताटात जेवत होत्या, आणि ह्या विषयावर चकार शब्द नाही. ताजबी मात्र अधूनमधून माझ्यासमोरच तिला म्हणायची, मी तुझं वाटोळं केलं गं. आणि हव्वाचं ठरलेलं उत्तर, "नशीब, आपा."

आणि मग ते रेडिओवाले. दुसऱ्या वर्षी एका हिंदी एफएमवर जुन्या गाण्यांच्या गोष्टी सांगायचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांना 'गल्फचं क्लासिक' म्हणून हे गाणं घ्यायचं होतं. सतीशनं पहिल्यांदाच खरं सांगितलं की आवाज कुणाचा. रेडिओवर बोलणाऱ्या मुलाला घेऊन सतीशच आला, केस पिकलेले, दारातूनच हात जोडत. "ताई, आता तरी तुमचं नाव लागू दे. माझ्या हातून तेवढं तरी होऊ दे." ताजबी नाही म्हणणार हे मला माहीत होतं. पण खैरुद्दीन म्हणाला, "बोल गं. तुझं आहे ते." आणि काय झालं कोण जाणे, ती ओढणी सारखी करून सोफ्यावर बसली. वर्षानुवर्षं आपलं गाणं दुसऱ्याच्या नावानं ऐकलं होतं तिनं. तिलाही वाटलं असेल एकदा.

मुलगा गोड होता, पंचविशीतला, जेल लावलेले केस. छोटं रेकॉर्डर टेबलावर ठेवलं. ताजबी आधी अडखळली, मग बोलायला लागली. आजी, खाडी, होडी, अजमानची खोली, बंद एसी. बोलता बोलता हसलीसुद्धा. मी किती वर्षांनी बघत होते! हव्वाबी नर्सरीतून आली होती, ती आत चहा करत होती.

मुलगा पुढं वाकून म्हणाला, "और दीदी, ये हव्वा कौन हैं? आज कहाँ हैं? अपने घर में, बाल-बच्चों में ख़ुश होंगी. उन्हें कैसा लगता है ये गाना सुनकर?"

ताजबी किचनच्या दाराकडे बघायला लागली. सतीश खाली बघायला लागला. मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून पुढं सरकले, तोवर हव्वाबी ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिनं कप एकेक करून सगळ्यांसमोर ठेवले. मग त्या रेकॉर्डरकडे बघून, अगदी नर्सरीतल्या मुलांशी बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"मैं हूँ हव्वा. शादी नहीं हुई मेरी. आगे पूछिए."

मुलानं सॉरी म्हणत रेकॉर्डर बंद केलं, वायरी गोळा केल्या. सतीश त्याच्याबरोबर उठला, खैरुद्दीन त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेला आणि बराच वेळ परत आला नाही. कार्यक्रम काही लागला नाही.

ताजबी सोफ्यावर तशीच. मग म्हणाली, "मी तुझं वाटोळं केलं गं."

हव्वानं ह्या वेळी नशीब म्हटलं नाही. ती बहिणीच्या समोर उभी राहिली. "हो," ती म्हणाली. "केलंस. मुद्दाम नाही केलंस, आपा. पण केलंस."

ताजबीनं मान हलवली. पुन्हा हलवली. मला वाटलं आता ही कोसळते. पण तिनं डोळे पुसले, सोफ्यावर बाजूला सरकून जागा केली आणि हव्वाला म्हणाली, "बस. सगळं सांग मला." हव्वा बसली आणि जेट्टीवरच्या त्या पोरांपासून सांगायला लागली. मी कप उचलून आत ठेवले आणि माझ्या घरी आले.